दप्तराची शुद्धता व खातेदाराचें कर्तव्य

जमिनीची मशागत वेळेवर करणारा आमचा शेतकरी बंधु दप्तराविषयीं मात्र उदासीन असतो, असें आम्हांस खेदानें म्हणावें लागतें. आमचें उभें आयुष्य महसूल खात्याच्या कारकुनींत गेलें. म्हणून या विषयावर दोन शब्द लिहीत आहों.

प्रथम आमचाच प्रमाद सांगतों. नोकरीच्या आरंभीं जुन्या पुस्तकावरून नव्या पुस्तकांत नक्कल करितांना एका गटाचें 84 आर क्षेत्र आमच्या हातून 48 आर लिहिलें गेलें. तपासणाऱ्यास तें दिसलें नाहीं; खातेदारानेंही उतारा कधीं वाचला नाहीं. वर्षांमागून वर्षें तोच आंकडा पुढें उतरत गेला. अखेर पाटाच्या कामासाठीं ती जमीन संपादन झाली, तेव्हां त्या खातेदाराच्या विधवेस 36 आरांचा मोबदला नाकारण्यांत आला. आकारबंदाची नक्कल घेऊन ती बाई दीड वर्ष कचेरीचे उंबरठे झिजवीत होती. आंकडा आम्हीं उलटा केला व दंड तिनें भरला, ही गोष्ट आम्हांस अद्याप बोचते.

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 याच्या 157 व्या कलमान्वये अधिकार-अभिलेखांतील नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानावयाची असते. म्हणजे चुकीची नोंदही खऱ्याचा मान घेऊन बसते, आणि ती खोडून काढण्याचा भार आपल्या शिरावर येतो.

कोणी म्हणतील, आतां संगणक आला. 2018 पासून डिजिटल स्वाक्षरीचा सात-बारा घरबसल्या मिळूं लागला. मग चिंता कसली? सोय मोठी झाली हें आम्हांस मान्य आहे. परंतु यंत्र म्हणजे केवळ चपळ नक्कलनवीस. त्यास 48 दिले तर तें 48 च छापील. पूर्वीं चूक चावडीच्या कपाटांत पडून राही. आतां ती पीककर्ज, विमा व अनुदान यांच्या दप्तरांत एकदम जाऊन पोहोंचते. 2021 सालीं ई-पीक पाहणीनें पिकाची नोंद शेतकऱ्याच्याच हातीं दिली. तींतही कित्येक जण शेजाऱ्याच्या मुलाकडे फोन देऊन मोकळे होतात, मग सोयाबीनच्या जागीं तूर लिहिली जाते आणि नुकसानीच्या वेळीं कपाळास हात लावण्याची पाळी येते.

कचेरीनें काय करावें? सर्व सात-बारांच्या क्षेत्राची बेरीज आकारबंदाशीं मेळवावी, मूळ कागद पुढें ठेवल्याखेरीज फेरफार प्रमाणित करूं नये, आणि आपली चूक आपण होऊन सांगणाऱ्या कारकुनास शिक्षा करूं नये. शिक्षेच्या भयानें चुका झांकल्या जातात, हें आम्ही अनुभवानें सांगतों.

आपण काय करावें? दरसाल पाडव्यास सात-बारा व आठ-अ काढून नांव, क्षेत्र, वारस आणि बोजा हीं चार कलमें वाचावीं. कर्ज फेडलें तरी बोजा तसाच राहिलेला पुष्कळदां आढळतो. वारसानें हक्क आला तर 149 व्या कलमाप्रमाणें तीन महिन्यांच्या आंत गांवीं वर्दी द्यावी. लेखनप्रमाद आढळल्यास 155 व्या कलमाखालीं तहसील कचेरींत लेखी अर्ज करून त्याची पोंच घ्यावी. मृत खातेदारांचे वारस लावण्यासाठीं 2025 सालीं शासनास 'जिवंत सातबारा' मोहीम काढावी लागली, यांतच आपल्या आळसाचें माप आहे.

आमची सूचना अशी कीं, संघाच्या पुढील बैठकीस प्रत्येक सभासदानें आपला उतारा घेऊन यावें. ज्यांस तो नीट उमगत नसेल त्यांच्याशेजारीं बसून वाचून देण्यास आम्ही तयार आहों. आमच्या हातून एकदां जें घडलें, त्याची एवढी तरी फेड आमच्या हातून व्हावी.