‘ढ’ म्हणण्याआधी

माझा भाचा चौथीत होता तेव्हा शाळेतून निरोप आला, “घरी उर्दू बोलता, म्हणून मुलाचं मराठी कच्चं आहे.” आम्ही मान डोलावली. मराठी माध्यमात शिकणाऱ्या आपल्या मुलांबद्दल हे वाक्य इतक्या वेळा ऐकलेले असते की शंकाच येत नाही.

पण गल्लीत तो मित्रांशी फडाफडा मराठी बोलत होता. मकतबात हाफिजजींच्या तोंडून ऐकलेल्या सूरह त्याला पाठ होत्या. कायदा उघडला की मात्र बे, ते, से यांत गाडी अडायची. शाळेत घ आणि ध, भ आणि म यांचा तोच घोळ. म्हणजे भाषा येत होती, अक्षर आणि आवाज यांची सांगड बसत नव्हती.

मानसशास्त्रीय तपासणीचे नाव काढताच अम्मी म्हणाली, “पोरगा काय वेडा आहे?” मेहुणे म्हणाले, “आठवीपर्यंत रेटू, मग गॅरेजवर लावू.” हे बोलणे रागाचे नव्हते, हार मानल्याचे होते. म्हणून मला त्याची जास्त भीती वाटली.

तपासणीत घाबरण्यासारखे काही नव्हते. आधी डोळे आणि कान तपासले. मग बुद्धिमापन चाचणी झाली. मग वाचन, शुद्धलेखन, गणित इयत्तेच्या मानाने कुठे आहे ते पाहिले. घरी कोणती भाषा बोलता, हेही विचारले. ते महत्त्वाचे असते, कारण चाचणी चुकीच्या भाषेत घेतली तर निष्कर्षही चुकतो. मराठीत अशा चाचण्या आहेत. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली ‘डाली’ ही चाचणी हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत आहे.

अहवालात दोन गोष्टी शेजारी शेजारी होत्या : बुद्धी वयाला साजेशी, वाचन दोन इयत्ता मागे. बहीण ते वाचून रडली. दोन वर्षे आळशी म्हणून ज्याला मारले, तो रोज इतरांच्या दुप्पट मेहनत करत होता.

तपासणी हे औषध नव्हे. डिस्लेक्सिया त्याने जात नाही. पण नेमके काय अडते ते कळले की शिकवणे बदलता येते. विशेष शिक्षिकेने शब्द आवाजांत फोडून, अक्षरे बोटाने गिरवून घेतली. वर्गात उभे करून वाचायला लावणे शाळेने थांबवले. अहवाल कपाटात ठेवला असता तर यातले काहीच झाले नसते.

2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. अधिकृत सरकारी रुग्णालयाचे प्रमाणपत्र असेल तर दहावी-बारावीच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. खासगी अहवाल तिथे पुरत नाही, म्हणून दहावीच्या वर्षाची वाट पाहू नका.

आपल्या वस्तीतली किती मुले ‘शिकण्यात मन नाही’ म्हणून कामाला लागली, त्यांत किती जणांची कधी तपासणी झाली? शिक्षकांना माझे सांगणे एवढेच की घरच्या भाषेवर खापर फोडण्याआधी मुलाला तपासायला सांगा. आणि पालकांनो, लाजू नका. चष्म्याचा नंबर काढताना आपण लाजतो का?