विजय मोजावेत की विद्यार्थी?

आपल्या विद्यालयाच्या कार्यालयात पाऊल ठेवताच समोर काचेचे कपाट दिसते. कबड्डी, खो-खो, कुस्ती आणि धावण्याच्या स्पर्धांत आपल्या मुलामुलींनी मिळविलेले चषक व ढाली त्यात मांडून ठेवल्या आहेत. पाहुणे प्रथम त्या कपाटापाशी थांबतात आणि आम्ही माजी विद्यार्थीही शाळेत आलो की तेथेच थांबतो. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना अनेक गावांत तालमीची पायरी चढण्याची मुभा नव्हती, त्यांच्या नातवंडांनी जिल्ह्याची आणि विभागाची मैदाने जिंकली, ही गोष्ट लहान नाही. या स्मरणिकेतही त्या विजयांची छायाचित्रे छापली गेली आहेत आणि ती योग्यच आहेत.

तथापि सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने एक प्रश्न विचारणे आम्हांस कर्तव्य वाटते. त्या छायाचित्रांतील प्रत्येक मुलाचे पुढे काय झाले? किती जण दहावी-बारावी उत्तीर्ण झाले, किती पदवीपर्यंत पोहोचले आणि किती जण खेळ संपताच शाळेच्या दप्तरातून व आपल्या स्मरणातून नाहीसे झाले? कपाटात याची नोंद नाही. अशी नोंद का हवी, हे समजून घेण्यासाठी आम्ही वाचकांना थोडे दूर, अमेरिकेत, नेऊ इच्छितो. तेथील विद्यापीठांत फुटबॉलच्या निमित्ताने हाच वाद शंभराहून अधिक वर्षे चालू आहे.

अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपल्या परिचयाचा खेळ नव्हे. शिरस्त्राण घालून, लांबट चेंडू हातात घेऊन, समोरच्याला अंगाने रेटीत पुढे जाण्याचा तो खेळ आहे. विद्यापीठांच्या सामन्यांना तेथे अफाट गर्दी लोटते. मिशिगन विद्यापीठाच्या मैदानात एक लाखाहून अधिक प्रेक्षक बसतात. कित्येक राज्यांत सर्वांत जास्त पगार घेणारा सरकारी सेवक हा राज्य विद्यापीठाचा फुटबॉल प्रशिक्षक असतो. १९०५ साली या खेळात इतके तरुण दगावले की राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना काही प्रमुख विद्यापीठांच्या प्रतिनिधींना पाचारण करावे लागले. त्या हंगामानंतर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने आपला संघच बंद केला आणि तो १९१५ पर्यंत बंद ठेवला.

हे तेच कोलंबिया, जेथे १९१३ साली बाबासाहेब दाखल झाले. त्या वेळी त्या विद्यापीठाला फुटबॉल संघ नव्हता. जॉन ड्यूई आणि एडविन सेलिग्मन यांच्यासारखे अध्यापक होते आणि मोठे ग्रंथालय होते. पुढे संघ पुन्हा उभा राहिला. १९८३ ते १९८८ या काळात तो ओळीने ४४ सामने हरला आणि अखेर ऑक्टोबर १९८८ मध्ये प्रिन्स्टनविरुद्ध जिंकला. त्या पाच वर्षांत वर्तमानपत्रांनी संघाची यथेच्छ चेष्टा केली. परंतु त्या पराभवांमुळे कोलंबियाच्या पदवीचे मोल कमी झाल्याचे कोणी म्हटले नाही. खेळाडूंना खेळापोटी शिष्यवृत्ती द्यायची नाही, असा नियम कोलंबिया आणि तिच्या बरोबरीच्या सात विद्यापीठांनी स्वतःवर घालून घेतला आहे.

इतर विद्यापीठांत चित्र वेगळे होते. डेक्स्टर मॅन्ली हा नामांकित खेळाडू ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठात चार वर्षे खेळला आणि नंतर व्यावसायिक संघात जाऊन त्याने कीर्ती मिळविली. १९८९ साली अमेरिकन सिनेटच्या समितीपुढे त्याने डोळ्यांत पाणी आणून सांगितले की विद्यापीठात शिकत असतानाही आपल्याला नीट वाचता येत नव्हते. चार वर्षे तो मैदानावर सर्वांना दिसत होता. वर्गात मात्र तो कोणालाच दिसला नाही. जॉर्जिया विद्यापीठात जॅन केम्प या अध्यापिकेने नापास फुटबॉलपटूंना उत्तीर्ण ठरविण्यास विरोध केला, तेव्हा त्यांना नोकरीवरून दूर करण्यात आले. त्या न्यायालयात गेल्या आणि १९८६ साली ज्यूरीने त्यांच्या बाजूने निकाल दिला.

या खेळात राबणारी मुले कोणाची आहेत, हेही पाहिले पाहिजे. २०१८ साली दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातून प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ६५ मोठ्या विद्यापीठांची पाहणी होती. तेथील पदवीपूर्व विद्यार्थ्यांत कृष्णवर्णीय पुरुषांचे प्रमाण २.४ टक्के होते आणि फुटबॉल संघांत तेच प्रमाण ५५ टक्के होते. म्हणजे विद्यापीठाचे दार या मुलांसाठी मैदानाच्या बाजूने सताड उघडे आहे. ग्रंथालयाच्या बाजूने ते आजही जेमतेम किलकिले आहे. १९४६ साली बाबासाहेबांनी कृष्णवर्णीयांचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहिले होते आणि दोन्ही समाजांच्या स्थितीतील साम्याचा उल्लेख केला होता. ते साम्य आठवले की हे आकडे आपल्याला परक्याचे वाटत नाहीत. ज्या समाजाच्या शरीरश्रमाला शतकानुशतके किंमत मिळाली नाही, त्याच्या मुलाचे शरीर टाळ्यांच्या गजरात वापरून घेतले गेले, तरी ते वापरून घेणेच ठरते.

विजयाच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे आम्ही दुर्लक्षित करीत नाही. ते सांगतात की खेळ नसता तर ही मुले विद्यापीठाच्या आवारात आलीच नसती. खेळाने शिस्त येते, पराभव पचविण्याची ताकद येते आणि आपल्या माणसांना मान वर करून चालता येते. यात तथ्य आहे. मायरन रोल हा फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाचा खेळाडू फुटबॉल खेळत असतानाच ऱ्होड्स शिष्यवृत्तीस पात्र ठरला, ऑक्सफर्डला गेला आणि पुढे मेंदूच्या शस्त्रक्रियेच्या क्षेत्रात डॉक्टर झाला. खेळ आणि विद्या यांचे वैर नाही, हे त्याच्या उदाहरणावरून दिसते. पण एका रोलचे नाव घेऊन शेकडो विसरलेल्या मुलांचा हिशेब चुकता करता येत नाही. विद्यापीठात फुटबॉल खेळणाऱ्या शंभर जणांपैकी दोघेही व्यावसायिक संघापर्यंत पोहोचत नाहीत. उरलेल्यांच्या हाती पदवी नसेल तर बहुधा दुखरा गुडघा तेवढा उरतो.

म्हणूनच १९९० साली अमेरिकेत एक कायदा झाला. तो पुढे रेटणाऱ्यांत सिनेटर बिल ब्रॅडली होते. ते स्वतः नामवंत बास्केटबॉलपटू होते. विद्यापीठाने किती जिंकावे वा हरावे याविषयी तो कायदा काही सांगत नाही. शिष्यवृत्तीवर घेतलेल्या खेळाडूंपैकी किती जणांनी ठरावीक मुदतीत पदवी घेतली, हे खेळवार आणि वंशवार जाहीर करा, एवढेच तो सांगतो. पुढे महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने याहून कडक पद्धत आणली. शिष्यवृत्तीवरील प्रत्येक खेळाडू त्या सत्रात शिक्षणात टिकला का आणि अभ्यासाच्या निकषांवर पात्र राहिला का, या दोन बाबींवर गुण दिले जातात. हजारपैकी ठरावीक गुणांच्या खाली घसरलेल्या संघाला हंगामानंतरच्या स्पर्धांना मुकावे लागते. २०१३ साली कनेक्टिकट विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघावर अशी वेळ आली. दोनच वर्षांपूर्वी तो संघ राष्ट्रीय विजेता होता.

मग पदव्या मोजल्या की प्रश्न सुटला काय? तसे झाले नाही. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात अठरा वर्षे असे वर्ग चालले, जे प्रत्यक्षात भरतच नव्हते. शेवटी एक निबंध द्यायचा आणि चांगले गुण घ्यायचे. २०१४ सालच्या चौकशी अहवालानुसार ३,१०० विद्यार्थ्यांनी हे वर्ग घेतले आणि त्यांत खेळाडूंचे प्रमाण निम्म्याच्या जवळपास होते. हे सारे घडले ते आफ्रिकी व आफ्रिकी-अमेरिकी विषयांच्या विभागात. ज्या विभागाने कृष्णवर्णीय मुलांना त्यांचा स्वतःचा इतिहास शिकवावा, त्याच विभागातून त्यांना रिकामे गुण देऊन मैदानावर परत पाठविण्यात आले. येथे विजयाच्या बाजूचा एक मुद्दा मान्य करावा लागतो: धावफलक सहसा खोटे बोलत नाही, गुणपत्रिका मात्र खोटे बोलू शकते.

यावरून आमचे मत असे झाले आहे. एखाद्या संस्थेच्या क्रीडाविभागाचे मोल विजयांवरून ठरवू नये, आणि पदवीधरांच्या नुसत्या संख्येवरूनही ठरवू नये. ज्या मुलाला आपण त्याच्या अंगबळासाठी आत घेतले, तो बाहेर पडताना स्वतःच्या डोक्याने उभा राहू शकतो का, यावरून ते ठरवावे. त्याला वाचता, लिहिता, विचार करता येतो का? दुखापत होऊन तो संघातून गेला तर वसतिगृहातील त्याची खाट आणि पंगतीतील त्याचे ताट कायम राहते का? चषक जिंकून न देणाऱ्या मुलाला आणि जिंकून देणाऱ्याला आपण सारख्याच आस्थेने हाक मारतो का? अमेरिकेत बरीच वर्षे शिष्यवृत्ती एकेका वर्षाने दिली जाई. जायबंदी झालेल्या खेळाडूची ती पुढच्या वर्षी बंद होऊ शकत असे. करुणेवर उभ्या असलेल्या संस्थेत असे कधीही घडता कामा नये.

आपल्याकडे खेळाकडे पाहण्याची पालकांची एक व्यावहारिक दृष्टी आहे आणि ती चुकीची नाही. शासकीय नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे आणि दहावी-बारावीला क्रीडागुण मिळतात. मुलगा मैदानात चमकला तर पोलिसांत लागेल, ही आशा खेड्यातील आईबापांना असते. पण पोलीस शिपाई होण्यासाठीही बारावी उत्तीर्ण असावेच लागते. स्पर्धेच्या सरावापायी ज्याची बारावी राहिली, त्याला त्या आरक्षणाचे दार बंदच राहते. त्याच्या चषकावर शाळेचे नाव कोरलेले असते आणि त्याच्या अर्जावर ‘अपात्र’ असा शेरा पडतो.

यास्तव आम्ही संस्थेपुढे नम्रपणे तीन सूचना ठेवीत आहोत. पहिली, चषकांच्या कपाटाशेजारी एक नोंदवही ठेवावी. शालेय संघात खेळलेल्या प्रत्येक मुलामुलीने पुढे किती शिक्षण घेतले याची नोंद तीत असावी, आणि त्यांचे एकत्रित आकडे दरवर्षी पालकसभेत वाचून दाखवावेत. आकडे कमी निघाले तरी ते वाचावेत. उणीव झाकणे शीलाला धरून होणार नाही. दुसरी, सायंकाळच्या अभ्यासाची वेळ स्पर्धा कितीही जवळ आली तरी सरावासाठी घेऊ नये. तिसरी, क्रीडाशिक्षकांचा सत्कार करताना त्यांनी जिंकलेल्या स्पर्धांबरोबर त्यांच्या संघातील किती मुले उत्तीर्ण झाली हेही सांगावे. आमच्यापैकी अनेकांना सामन्याच्या दुसऱ्या दिवशी गणित घेऊन बसविणारे गुरुजी अशाच सत्कारास पात्र होते. तो त्यांना कधी मिळाला नाही.

हे काम एकट्या संस्थेचे नाही. जुने पत्ते शोधणे, सोबत्यांच्या घरी जाणे आणि शिक्षण अर्धवट सुटलेल्यांना पुन्हा परीक्षेला बसविणे हे आम्हा माजी विद्यार्थ्यांना करता येईल. मॅन्लीने प्रौढ वयात शाळेत जाऊन वाचन शिकून घेतले. शिकण्याचे वय उलटून जात नाही, हे त्यावरून ध्यानात घ्यावे. ज्या समाजाने मूठमूठ धान्य आणि रुपया-रुपया देऊन या वसतिगृहाच्या भिंती उभ्या केल्या, त्याने चषकांची अपेक्षा कधी बोलून दाखविली नव्हती. आपली मुले शिकावीत, एवढेच त्याचे मागणे होते. पन्नास वर्षांच्या हिशेबात ते मागणे पहिल्या ओळीत लिहिले जावे आणि चषक त्याखालच्या ओळीत यावेत, इतकीच आमची विनंती आहे.

सर्वांचे मंगल होवो. जय भीम.