अडीच फुटी गाडीचं जंक्शन

मुलांनो, घरातला टेप घ्या आणि अंगणात अडीच फुटांच्या अंतरावर खडूनं दोन रेघा ओढा. एवढ्याशा रुळांवरून आपल्या सोलापूर जिल्ह्यात शंभराहून जास्त वर्षं आगगाडी धावली. तिचं नाव 'बार्शी लाइट'. आजी-आजोबांना विचारा, त्यांना नक्की आठवेल.

मुंबईकडून येणारी मोठी रेल्वे १८६० मध्ये सोलापूरला पोचली, पण बार्शी बाजूलाच राहिली. बार्शी ही कापसाची मोठी पेठ. तिला जवळचं स्टेशन कुर्डुवाडीचं, म्हणजे पस्तीसेक किलोमीटर लांब. त्या स्टेशनचं नाव होतं 'बार्शी रोड'. (स्टेशनच्या नावात 'रोड' आलं की समजावं, खरं गाव अजून लांब आहे!) कापूस बैलगाड्यांतून तिथवर यायचा. पावसाळ्यात काळ्या मातीच्या रस्त्यानं बैलांचे काय हाल होत असतील, ते शेतकऱ्यांच्या मुलांना सांगायला नको.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियरनं यावर उपाय काढला. मोठी रेल्वे परवडत नाही ना, मग लहान बांधू! रूळ हलके घेतले, एक यार्ड लांबीला ३० पौंड वजनाचे. पण हलक्या रुळांवर जड इंजिन कसं चालणार? त्यानं नियमच केला की, कोणत्याही आखावर ५ टनांपेक्षा जास्त भार पडता कामा नये. आख म्हणजे दोन चाकांना जोडणारा दांडा. म्हणून इंजिनाला एकूण बारा चाकं दिली आणि वजन वाटून टाकलं. खाटेला चारच्या जागी सहा पाय लावले तर प्रत्येक पायावरचा भार कमी होतो ना, तसंच हे. याच कॅलथ्रॉपनं पुढे विमानातून उडी मारण्यासाठी पॅराशूट बनवलं. रूळ आणि पॅराशूट! माणसाचं डोकं कुठून कुठे धावतं पाहा.

१८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी गाडी सुरू झाली. १९०६ मध्ये ती पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोचली. १९५४ मध्ये ती सरकारनं विकत घेतली.

खरी गंमत होती कुर्डुवाडी स्टेशनात. इथं साडेपाच फुटी आणि अडीच फुटी असे दोन मार्ग भेटायचे, पण एकमेकांत मिसळायचे नाहीत. लहान गाडीचा वाघिणीतला माल सरळ मुंबईला जाणं शक्यच नव्हतं. एका वाघिणीतून पोती उतरवायची आणि दुसरीत चढवायची. पंढरीला निघालेले वारकरीही इथं बोचकी सांभाळत मोठ्या गाडीतून उतरायचे आणि लहान गाडीत जागा धरायचे. वेळ जायचा, खर्च वाढायचा. पण त्यावरच कितीतरी हमालांची चूल पेटायची. याच गाडीसाठी इथं रेल्वेचा कारखानाही उभा राहिला.

या शतकाच्या सुरुवातीला टप्प्याटप्प्यानं सगळा मार्ग रुंद झाला. आता लातूरची गाडी बार्शी, कुर्डुवाडी करत तशीच पुढे मुंबईला जाते. वाटेत कोणाला बोचकं उचलून गाडी बदलावी लागत नाही, आणि एका वाघिणीतून दुसऱ्या वाघिणीत पोती टाकायला कुर्डुवाडीत हमालही लागत नाहीत.