रुग्ण भ्रमला, तर आधी औषधतक्ता पाहा

न्यूमोनियासाठी दाखल झालेल्या वृद्धेचा ताप उतरतो, पांढऱ्या पेशी कमी होतात. पण चौथ्या-पाचव्या दिवशी ती असंबद्ध बोलू लागते, हातांना बारीक झटके येतात. केसपेपरवर 'सेप्सिस', 'युरेमिया' किंवा नुसते 'वय' असे कारण लिहिले जाते. सीटी स्कॅन होतो आणि सेफेपिमचा पुढचा डोसही ठरल्या वेळी जातो.

सेफेपिम मुख्यतः मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. निरोगी माणसात त्याचा अर्धायुकाल सुमारे २ तास, तर डायलिसिसवरील रुग्णात १३ तासांच्या वर. साचलेले औषध मेंदूतील गाबा ग्राही अडवते. भ्रम, मायोक्लोनस, वाचा जाणे आणि बाहेरून आकडी न दिसता चालू राहणारा स्टेटस एपिलेप्टिकस हे त्याचे परिणाम. याबाबत अमेरिकेच्या एफडीएने २०१२ मध्येच इशारा दिला होता. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'एकॉर्न' चाचणीत सेफेपिम घेणाऱ्या २०.८ टक्के रुग्णांना भ्रम किंवा कोमा आढळला. पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टमच्या गटात हे प्रमाण १७.३ टक्के होते.

आपली फसगत बहुधा क्रिएटिनिनच्या आकड्यावर होते. ८० वर्षांच्या, ४० किलो वजनाच्या स्त्रीचे क्रिएटिनिन १.२ असेल, तर अहवाल पाहून कोणी दचकत नाही. पण कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्राने तिचा क्लिअरन्स मिनिटाला जेमतेम २४ मिली भरतो. अशा वेळी दर ८ तासांनी २ ग्रॅमऐवजी पहिल्या पूर्ण डोसनंतर २४ तासांतून एकदा २ ग्रॅम पुरतात. म्हणजे नेहमीच्या सवयीने आपण तिला तिप्पट औषध देत असतो.

इतर प्रतिजैविकांचे घड्याळ वेगळे असते. मेट्रोनिडाझोलचा त्रास बहुधा काही आठवड्यांनी, तोल जाणे आणि अडखळत्या बोलण्यातून दिसतो. एमआरआयमध्ये डेंटेट न्यूक्लियस उजळतात. क्विनोलोनमुळे भास होऊ शकतात. कार्बापेनेम सुरू केल्यावर व्हॅल्प्रोएटची रक्तातील पातळी झपाट्याने कोसळते आणि आटोक्यात असलेली आकडी उलटते.

म्हणून आमचे आग्रहाचे सांगणे असे: राउंडला रोज क्लिअरन्स मोजा. 'आई कालपासून वेगळंच बोलतेय' हे नातेवाइकांचे वाक्य केसपेपरवर उतरवा. शंका येताच ईईजी करा आणि संसर्गाचा उपचार न थांबवता प्रतिजैविक बदला. बहुतेक रुग्ण काही दिवसांत भानावर येतात. प्रत्येक घटना राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रमाला कळवा. नोंदच झाली नाही, तर हा धोका पुढच्या वॉर्डातही 'वय' म्हणूनच लिहिला जाईल.