‘मर प्रतिकारक’ बियाणं हुमणी रोखत नाही

खरिपात तूर, भुईमूग उभा सुकायला लागला की पहिला राग बियाण्यावर निघतो. पिशवीवर तर ‘प्रतिकारक’ लिहिलं होतं, मग झाडं गेली कशी? दुकानात भांडण होतं, ग्रुपवर फोटो फिरतात. त्या फोटोंत पानं दिसतात, मूळ दिसत नाही.

पिशवीवरचा तो शब्द बहुतेक वेळा मर रोगाबद्दल असतो. मर ही जमिनीतल्या बुरशीमुळे होते आणि तिला तोंड देणारे वाण खरोखर आहेत. बदनापूरची बीएसएमआर 736 तूर, राहुरीचा विजय हरभरा ही त्यातली जुनी नावं. हुमणीचं गणित वेगळं. ती सरळ मूळ कुरतडते. ऊस, ज्वारी, भुईमूग, तूर, तिला काहीच वर्ज्य नाही. तिच्यासाठी विसंबून राहावं असं तुरीचं किंवा भुईमुगाचं बियाणं आज बाजारात नाही. कुणी तसं सांगून जादा पैसे मागत असेल, तर ते पावतीवर लिहून मागावं.

सूत्रकृमीविरुद्ध मात्र हे जमलंय. अमेरिकेत टेक्सासमध्ये 1999 साली ‘कोअन’ हा भुईमूग आला, त्यातली ताकद रानटी भुईमुगातून आणलेली. सूत्रकृमीला मुळातच घर करून राहावं लागतं, म्हणून झाडानं साथ दिली नाही की ती उपाशी मरते. हुमणी आपली पुढच्या झाडाखाली सरकते.

म्हणून आधी झाड खणून बघावं. हुमणी लागलेलं झाड हलक्या हातानं वर येतं, मूळ खाल्लेलं असतं. मरीत मूळ शाबूत, पण खोड उभं चिरलं तर आत काळपट-तपकिरी रेषा. सूत्रकृमी असेल तर मूळच फुगून गाठी होतात, त्या बोटानं निघत नाहीत. बोटानं सुटणाऱ्या, आतून गुलाबी गाठी नत्राच्या, त्या चांगल्या.

हुमणीचा खरा बंदोबस्त पहिल्या पावसानंतरच. तेव्हा भुंगेरे रात्री बाभूळ, कडुलिंबावर जमतात. फांद्या हलवून पाडायचे, रॉकेल टाकलेल्या पाण्यात बुडवायचे. एक मादी 50-60 अंडी घालते, त्यामुळे एकट्यानं करून भागत नाही, सगळ्या शिवारानं एकाच आठवड्यात करावं लागतं. तेव्हा गाव पेरणीच्या धांदलीत असतं, तिथंच घोडं अडतं. नंतर कुजलेल्या शेणखतातून, ओल असताना मेटारायझियम देता येतं. कच्चं शेणखत टाकणं म्हणजे हुमणीला आवतण.

बियाण्याबद्दलच शंका असेल, तर पिशवी, टॅग आणि पावती जपून तालुका तक्रार निवारण समितीकडे अर्ज करावा. पाहणी होईपर्यंत शेत मोडू नये.