काकूंच्या सुरकुत्या

सिंहगड, पिठलं-भाकरी, वर मडक्यातलं दही. संडे एकदम झक्कास चालला होता. उतरताना भर पावसात वळणावर बाइक घसरली. मी उठलो, कपडे झटकले. मागे बसलेल्या रूममेटचा पाय मात्र बाइकखाली होता. ‘मुरगळलाय रे, स्प्रे मार,’ म्हणाला. तासाभरात गुडघ्याचं कलिंगड!

(मंडळी, पडल्यावर गुडघा असा झपाट्याने सुजला तर चोळू नका, चालून बघू नका. सरळ हॉस्पिटल गाठा.)

एक्स-रे आणि सीटी स्कॅनमध्ये कळलं, टिबिअल प्लॅटो फुटलाय. म्हणजे नडगीच्या हाडाचं वरचं पसरट टोक, ज्यावर मांडीचं हाड टेकतं ते. शॅट्झकर नावाच्या सर्जनने या फ्रॅक्चरचे सहा प्रकार पाडलेत. आमच्या साहेबांचा सहावा. सांध्याचा भाग खालच्या हाडापासून पूर्ण सुटलेला.

रात्रीच्या एसटीने साताऱ्याहून काकू आल्या. ‘ऑपरेशन उद्याच ना?’ डॉक्टर म्हणाले, नाही. पहिल्या रात्री त्यांचं लक्ष हाडापेक्षा पावलाच्या नाडीवर होतं. गुडघ्यामागची रक्तवाहिनी दुखावली आणि काही तासांत रक्त पुन्हा सुरू झालं नाही, तर पायच जाऊ शकतो. पोटरीत सुजेचा दाब वाढला तरी तेवढाच धोका. नाडी नीट लागत होती. मग बिल्डिंगला परांची बांधतात तसा बाहेरून पिना आणि सळयांचा सांगाडा बसवला. आणि थांबले.

कशासाठी? तर कातडीवर सुरकुत्या पडण्यासाठी! फुगलेल्या, फोड आलेल्या कातडीवर चाकू चालवला तर जखम भरत नाही आणि आतल्या प्लेटपर्यंत इन्फेक्शन पोचतं. रोज सकाळी डॉक्टर कातडी बघून मान हलवायचे. ‘सुरकुत्याच हव्यात तर माझ्या घ्या की,’ काकू म्हणाल्या. बाइक कोण चालवत होतं, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

बाराव्या दिवशी ऑपरेशन झालं. खचलेला पृष्ठभाग उचलला, खालची पोकळी कमरेच्या हाडाच्या तुकड्यांनी भरली, दोन्ही बाजूंनी प्लेट्स लावल्या. फाटलेली गादी, म्हणजे मेनिस्कस, टाके घालून शिवली. पण आतलं एसीएल लिगामेंट तुटलेलं तसंच ठेवलं. मी वैतागलो. एकदाच उघडलंय तर करून टाका ना! पण नवं लिगामेंट बसवायला हाडात बोगदा पाडावा लागतो, आणि तोही नुकत्याच जुळवलेल्या हाडात. लिगामेंट हाडाचा तुकडा घेऊन उखडलं असतं, तर तो तुकडा तेव्हाच बसवता आला असता. याचं मधोमध तुटलेलं. त्यामुळे आधी हाड जुळू दे, गुडघा वाकू दे, मग बघू.

दहा आठवडे पाय टेकवायचा नव्हता, पण वाकवायचा मात्र लगेच, नाहीतर सांधा आखडतो. फिजिओथेरपिस्ट आली की हा किंचाळायचा आणि मी गॅलरीत जायचो.

आता गुडघा एकशेदहा अंशांपर्यंत वाकतो. जिना उतरताना मध्येच दगा देतो, म्हणून एसीएलची तारीख घेतलीय. मांडी घालून जेवता येत नाही, तर काकूंनी फोल्डिंग टेबल पाठवलंय. सोबत दोन खुर्च्या. एक माझ्यासाठी. या शनिवारी साताऱ्याला जाऊन त्यांना सांगणार आहे. एसटीने.