कुमारवाचकांची चर्चा आणि शाळेचे ग्रंथालय

कुमारवयातील वाचक, म्हणजे साधारणपणे 12 ते 18 या वयातील मुलगा वा मुलगी, एखादी कादंबरी वाचून झाल्यावर तिच्याविषयी काय बोलतो हे बरेचसे तो कोणाशी आणि कोणत्या अपेक्षेने बोलतो यावर अवलंबून असते. शिक्षकांच्या प्रश्नाला उत्तर म्हणून दिलेला अभिप्राय आणि तेच पुस्तक मित्राच्या हाती देताना केलेली शिफारस यांत मजकुराचाच नव्हे, तर विचाराच्या खोलीचाही फरक पडतो. आणि शालेय ग्रंथपालांचा व भाषाशिक्षकांचा अनुभव असा आहे की पहिल्या प्रकारचा अभिप्राय वहीत नोंदला जातो, तर दुसरा, जो बहुधा अधिक मोलाचा असतो, तो वऱ्हांड्यात विरून जातो. या दुसऱ्या प्रकारच्या बोलण्याला शाळेत जागा मिळावी आणि ती गुणांच्या व्यवहारापासून दूर राखावी, असे या लेखाचे म्हणणे आहे. त्यासाठी वाराणसीच्या वाचन-इतिहासाकडे वळणे उपयोगाचे ठरते, कारण तरुण वाचकांनी काय वाचावे, याविषयी वडीलधाऱ्यांची मते आणि प्रत्यक्षात त्या वाचकांनी वाचनातून काय घडवले, यांतील अंतर तेथे फार स्पष्ट दिसते.

1888 च्या सुमारास काशीत देवकीनंदन खत्री यांच्या ‘चंद्रकांता’ या कादंबरीचे भाग प्रसिद्ध होऊ लागले. खत्री यांनी चकिया आणि नौगढ भागातील जंगलांचे ठेके घेतले होते आणि तेथील दऱ्या, धबधबे व पडक्या गढ्या त्यांच्या चांगल्या परिचयाच्या होत्या. काशीच्या वाचकाला नावाने ठाऊक असलेले नौगढ, विजयगढ आणि चुनार हेच प्रदेश या कथेत राजपुत्र, राजकन्या आणि ऐयार यांनी गजबजून गेले. ऐयार म्हणजे वेषांतरात आणि युक्तीत तरबेज असलेला राजाचा हेर, आणि तिलिस्म म्हणजे कळा, कुलपे व भूलभुलैया यांनी रचलेले असे गूढ स्थान, जे ठराविक माणसालाच उकलता येते. एक भाग संपताना पुढच्या भागाची उत्कंठा शिल्लक ठेवणारी ही रचना होती, आणि पुढचा भाग हाती येईपर्यंत पुढे काय होणार याविषयी तर्क लढवणे हे अशा वाचनाचे स्वाभाविक अंग असते. 1898 मध्ये खत्री यांनी काशीतच लहरी प्रेस सुरू केला. ‘चंद्रकांता संतति’चे 24 भाग झाले, आणि 1913 मध्ये लेखकाच्या निधनाने अपुरी राहिलेली ‘भूतनाथ’ ही कथा त्यांचे पुत्र दुर्गाप्रसाद खत्री यांनी पुढे नेली.

या कादंबऱ्यांविषयी काशी हिंदू विश्वविद्यालयात अध्यापन केलेल्या आचार्य रामचंद्र शुक्ल यांनी 1929 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘हिंदी साहित्य का इतिहास’ या ग्रंथात दिलेला निर्णय प्रत्येक ग्रंथपालाने लक्षपूर्वक वाचावा असा आहे. शुक्लांच्या मते या कादंबऱ्यांत घटनावैचित्र्य तेवढे आहे, रससंचार वा स्वभावदर्शन नाही, त्यामुळे त्यांची गणना खऱ्या अर्थाने साहित्यात होत नाही. परंतु याच विवेचनात ते हेही नोंदवतात की हिंदीसाठी जितके वाचक खत्री यांनी निर्माण केले तितके अन्य कोणत्याही लेखकाने केले नाहीत, केवळ ‘चंद्रकांता’ वाचण्यासाठी उर्दूवर पोसलेल्या कित्येकांनी हिंदी शिकून घेतली, आणि ती वाचता वाचता कितीतरी तरुण स्वतः लिहू लागले. एका कठोर समीक्षकाने एकाच प्रकरणात केलेली ही दोन विधाने परस्परविरोधी नाहीत. पुस्तकाची गुणवत्ता ठरवणे हे एक काम आहे आणि त्या पुस्तकाने वाचकात काय जागवले हे ओळखणे हे दुसरे. शाळांमध्ये मात्र पहिल्या कामाचा निकाल लागला की दुसरे काम करण्याची गरजच उरली नाही असे मानले जाते, आणि तेथेच चूक होते. नाथमाधवांची ‘वीरधवल’ किंवा बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा यांवर ज्या पिढ्यांची वाचनाची गोडी वाढली, त्यांच्या बाबतीतही महाराष्ट्रातील घरांत आणि शाळांत हेच घडले.

काशीजवळच्या लमही गावी 1880 मध्ये जन्मलेल्या प्रेमचंदांनी आपल्या पहिल्या रचनेविषयी लिहिलेल्या आठवणींतून कुमारवाचकाचा हा आंतरिक व्यवहार अधिक जवळून दिसतो. सुमारे 13 वर्षांचे असताना, वडिलांच्या नोकरीमुळे गोरखपुरात राहत असताना, त्यांना उर्दू कादंबऱ्यांचे वेड लागले. एका पुस्तकविक्रेत्याच्या दुकानी बसून ते वाचत आणि पुस्तके घरी नेता यावीत म्हणून त्या दुकानातील अभ्यासाची गाइडे शाळेत विकून देत. ‘तिलिस्मे होशरुबा’ या प्रचंड दास्तानाचे कित्येक खंड त्यांनी याच काळात वाचले, आणि त्यांचे पहिले लेखन म्हणजे नात्यातील एका मामांच्या प्रेमप्रकरणावर रचलेले प्रहसन होते. अद्भुत कथांच्या वाचनाने कुमारवयीन मन वास्तवापासून दूर जाते अशी भीती आजही पालकसभांतून व्यक्त होते. येथे मात्र अद्भुतात बुडालेल्या मुलाने लेखणी हाती घेतली ती घरातल्याच माणसाचे आचरण तपासण्यासाठी.

काशीतच 1893 मध्ये क्वीन्स कॉलेजच्या परिसरातील काही विद्यार्थ्यांनी मिळून नागरी प्रचारिणी सभेची स्थापना केली. संस्थापकांपैकी श्यामसुंदर दास यांनी नुकतीच वयाची 18 वर्षे पूर्ण केली होती. रामनारायण मिश्र आणि शिवकुमार सिंह हे त्यांचे सहकारीही विद्यार्थीच होते. सभेचे उद्दिष्ट नागरी लिपीचा आणि हिंदी भाषेचा प्रसार हे होते, कादंबरीवाचन नव्हे, म्हणून तिचा संबंध ‘चंद्रकांता’च्या वाचकवर्गाशी ओढूनताणून जोडणे योग्य होणार नाही. तरीही एक गोष्ट निर्विवाद आहे: आर्यभाषा पुस्तकालयासारखे ग्रंथालय, हस्तलिखितांचा शोध आणि ‘हिंदी शब्दसागर’ हा कोश ज्या संस्थेने उभा केला, ती संस्था आपसांत बोलणाऱ्या विद्यार्थ्यांच्या मंडळातून निघाली. त्या बोलण्याला कोणी गुण दिले नव्हते.

वाचकाच्या प्रतिसादाचा शास्त्रीय विचार पाश्चात्य शिक्षणक्षेत्रात ठामपणे मांडला तो अमेरिकेतील लुईस रोझेनब्लाट यांनी, 1938 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘लिटरेचर ॲज एक्सप्लोरेशन’ या ग्रंथात. त्यांच्या मते साहित्यकृतीचा अर्थ छापील पानात तयार होऊन बसलेला नसतो आणि तो वाचकाच्या मर्जीवरही सोडलेला नसतो. विशिष्ट वाचक आणि विशिष्ट मजकूर यांच्या परस्परव्यवहारातून तो त्या त्या वेळी घडतो. पुढे त्यांनी वाचनाच्या दोन वृत्ती वेगळ्या केल्या: एक माहिती काढून घेण्याची, जशी औषधाच्या बाटलीवरील सूचना वाचताना असते, आणि दुसरी अनुभव घेण्याची, जशी कथा वाचताना असावी. शाळेतील गद्यपाठाखालचे प्रश्न बहुतांशी पहिल्या वृत्तीचे असतात, आणि तेच प्रश्न कादंबरीला लावले की अनुभव घेण्यासाठी लिहिलेली कृती माहितीच्या तक्त्यात बदलते. मराठी वाचकाला ही मांडणी परकी वाटण्याचे कारण नाही. काव्यशास्त्रात अभिनवगुप्तांनी वर्णिलेला सहृदय, म्हणजे काव्याच्या सततच्या परिशीलनाने ज्याचे मन आरशासारखे स्वच्छ झाले आहे आणि जे वर्णिले आहे त्याच्याशी जो एकरूप होऊ शकतो असा रसिक, हाही मजकूर आणि वाचक यांच्या भेटीवरच उभा आहे. त्या व्याख्येत परिशीलनावर दिलेला भर येथे विशेष महत्त्वाचा, कारण त्यावरून असे म्हणता येते की रसिकता अभ्यासाने घडते, आणि कुमारवाचक हा त्या अभ्यासाच्या वाटेवर असलेला सहृदय आहे. त्याचा अभिप्राय अपुरा असणारच. त्या अपुरेपणावर शेरा मारून तो पूर्ण होत नाही.

महाराष्ट्रात 2015 पासून 15 ऑक्टोबर हा डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो आणि त्या निमित्ताने शाळाशाळांत पुस्तके हाताळली जातात, ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु त्या दिवशी लिहून घेतलेल्या अभिप्रायांत पुस्तकाचे नाव, लेखकाचे नाव, आवडलेले पात्र आणि मिळालेला बोध असा साचा आला की मुले साच्यालाच उत्तर देतात. बोधाचा रकाना भरायचा असल्यामुळे पुस्तकात न सापडलेला बोधही सापडतो. ज्या मुलीला नायिकेचा निर्णय पटला नाही, जिला शेवट कळला नाही, किंवा जिने पुस्तक निम्म्यावर टाकले, तिला या साच्यात लिहिण्यासारखे काही उरतच नाही. आणि चर्चेचा आरंभ नेमका तेथूनच होण्यासारखा असतो.

इंग्लंडमधील शिक्षक व कुमारकादंबरीकार एडन चेंबर्स यांची ‘टेल मी’ ही पद्धत या बाबतीत कामाची आहे. मुलांनी पुस्तकातील आवडलेल्या व नावडलेल्या जागा, न उलगडलेल्या जागा आणि पुन्हा पुन्हा येणारे दुवे किंवा साम्ये एकमेकांना सांगावीत, प्रौढाने त्या फळ्यावर मुलांच्याच शब्दांत नोंदवाव्यात आणि चर्चा त्या नोंदींतून पुढे न्यावी, असा तिचा सर्वसाधारण क्रम आहे. ‘असे का वाटले?’ हा थेट प्रश्न चेंबर्स टाळायला सांगतात, कारण त्याने मुलाला आपली उलटतपासणी होत आहे असे वाटते. त्याऐवजी त्या जागेविषयी आणखी सांगण्याची विनंती करावी आणि नंतर गप्प बसावे. हे गप्प बसणे अवघड असते, कारण वर्गातील शांतता भरून काढण्याची सवय शिक्षकाच्या हाडीमाशी खिळलेली असते.

काशीच्या शास्त्रार्थ-परंपरेतूनही एक साधन घेता येते, आणि ते कुमारवयाला चेंबर्सच्या पद्धतीइतकेच, कदाचित त्याहून अधिक, मानवणारे आहे. नागपंचमीच्या दिवशी काशीतील नागकूप येथे पतंजलींच्या स्मरणार्थ शास्त्रार्थ होण्याची प्रथा आहे. शास्त्रार्थात पूर्वपक्ष, म्हणजे प्रतिपक्षाचे म्हणणे, आधी प्रामाणिकपणे आणि पूर्ण ताकदीने मांडावे लागते आणि मगच उत्तरपक्ष मांडता येतो. कादंबरीवरील चर्चेत हाच नियम ठेवावा: ज्याला दुसऱ्याचे मत खोडायचे आहे त्याने ते आधी असे मांडून दाखवावे की मूळ मत देणाऱ्याने मान डोलवावी. पंधराव्या वर्षी मतभेद लगेच मानापमानावर जातो. पूर्वपक्षाच्या नियमाने त्याला पुन्हा पुस्तकाच्या पानांकडे परतावे लागते, कारण दुसऱ्याला तसे का वाटले याचे उत्तर तेथेच शोधायचे असते.

पुस्तकांची निवड हा या साऱ्यातील सर्वांत वादाचा भाग आहे. मिलिंद बोकील यांची 2004 ची ‘शाळा’, जी आणीबाणीच्या काळातील नववीच्या मुलाची कथा आहे, ती अनेक शाळांच्या कपाटात असूनही मुलांच्या हाती सहज पडत नाही. सत्य व्यास यांची 2015 ची ‘बनारस टॉकीज’ ही हिंदी कादंबरी काशी हिंदू विश्वविद्यालयातील विधिशाखेच्या वसतिगृहात घडते, तिची भाषा वसतिगृहातील मुलांची आहे, आणि तिच्या वाचकांत नुकतीच शाळा सोडलेली मुले मोठ्या संख्येने असणे साहजिकच आहे. अशा पुस्तकांतील शिव्या, चोरटे प्रेम किंवा वडिलधाऱ्यांविषयीचा अनादर यांमुळे ग्रंथपाल अडचणीत येतो हे खरे आहे, आणि वयाचा विचार न करता सर्व पुस्तके सर्वांना द्यावीत असे येथे सुचवायचे नाही. परंतु पुस्तक कपाटात बंद केल्याने वाचन थांबत नाही, केवळ त्याविषयीचे बोलणे प्रौढांच्या कानाआड जाते. प्रेमचंदांच्या बालपणीही ते तसेच गेले होते.

वाराणसीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांतील मुलांचा प्रश्न याहून थोडा वेगळा आहे. ब्रह्माघाट, दुर्गाघाट परिसरातील या वस्तीने हिंदी पत्रकारितेला बाबूराव विष्णू पराडकर यांच्यासारखा संपादक दिला. घरी मराठी आणि शाळेत हिंदी हीच त्या वस्तीतील मुलांची दीर्घकाळची रीत आहे. अशा मुलाला प्रकाश नारायण संतांच्या लंपनच्या कथा दिल्या, तर बेळगावकडच्या कानडी वळणाच्या मराठीत वाढणारा लंपन त्याला पुण्यामुंबईच्या वाचकापेक्षा अधिक जवळचा वाटण्याची शक्यता आहे, कारण घराबाहेर वेगळी भाषा ऐकत मोठे होणे दोघांच्याही वाट्याला आले आहे. त्याने त्या कथांविषयी हिंदीत बोलावे, मराठीत बोलावे की दोन्ही मिसळून बोलावे, हे त्याच्यावर सोडावे. प्रतिसाद देतानाच भाषाशुद्धीची तपासणी झाली तर तो पुढच्या वेळी सुरक्षित तेवढेच बोलेल.

लेखी प्रतिसाद हवाच असेल तर त्याचे रूप अभिप्रायापुरते मर्यादित ठेवू नये. ‘चंद्रकांता’च्या तरुण वाचकांनी उत्तर दिले ते स्वतःच्या कथा लिहून, म्हणून पुढचे प्रकरण, पात्राला पत्र, बदललेला शेवट किंवा लेखकाला विचारायचे प्रश्न हे सारे प्रतिसादच मानावेत. भोपाळहून 1985 पासून निघणारे ‘चकमक’ किंवा बालभारतीचे ‘किशोर’ यांसारखी मासिके मुलांचे स्वतःचे लेखन छापत आली आहेत, त्यांचे जुने अंक नमुन्यासाठी हाताशी ठेवता येतील. ग्रंथालयात एक वही ठेवावी, जिच्यात पुस्तक परत करणाऱ्याने पुढच्या वाचकासाठी चार ओळी लिहाव्यात, नाव घालण्याची सक्ती नसावी, आणि ती वही तपासणी अधिकाऱ्यांपुढे उपक्रमाचा पुरावा म्हणून मांडू नये. वेळापत्रकात ग्रंथालयाची जी एक तासिका आहे ती गैरहजर शिक्षकाच्या बदली तासासाठी किंवा सराव परीक्षेसाठी दिली जाणार नाही, याची लेखी हमी मुख्याध्यापकांकडून वर्षाच्या आरंभीच घ्यावी, आणि त्या तासिकेतील बोलण्याची नोंद कोणत्याही मूल्यमापन पत्रकात जाणार नाही हे मुलांना त्यांच्यासमोरच सांगावे.